सहाच्या आकड्याखालचा मासा

बाटली एवढीशी होती, माझ्या करंगळीएवढी. आमच्या ह्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात, रुमालाच्या घडीत लपवलेली. मी झाकण काढून वास घेतला. वासच नाही! आता मला सांगा, ज्याला वास नाही असलं अत्तर कोण कशाला बाळगेल? आणि अत्तर नाही तर मग काय?

हे मागे विहिरीवर अंघोळ करत होते. पाण्याचा आवाज येत होता तोवर मला धास्ती नव्हती. बाटलीवरचं लेबल अर्धं फाडलेलं, उरलेल्या अर्ध्यावर मुंगीच्या पायांसारखी अक्षरं. मी ती कोटासकट घेऊन पुढे दुकानात आले. आमचं घर मागे आणि घड्याळदुरुस्तीचं दुकान पुढे, सावंतवाडीच्या मोती तलावासमोर. ह्यांच्या टेबलावर त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग पडलं होतं. एक काळी नळी आणि तिच्या तोंडाशी आट्यांनी बसवलेली काच. ती नळी डोळ्यात धरायला मला कधी जमलं नाही, घरंगळून खाली पडायची. म्हणून मी आटे फिरवून नुसती काच काढली आणि लेबलावर धरली.

अक्षरं चांगली बोराएवढी दिसली. पण सगळी इंग्रजी. इंग्रजी मोठी झाली म्हणून काही मला वाचता येत नव्हती.

तेवढ्यात दारात जीप थांबली. मी बाटली कोटात ढकलली, काच पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि केरसुणी हातात घेतली. साध्वी बाई!

आधी हे सांगते, की माझा संशय काही आजचा नव्हता. चार महिने झाले होते. दर गुरुवारी हे पहाटेच्या एसटीनं बेळगावला जायचे. "पार्ट आणायला," म्हणायचे. आणि संध्याकाळी हात हलवत परत. एकदा विचारलं, तर म्हणे मिळाला नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तर म्हणे दुकान बंद होतं. बेळगावातलं दुकान दर गुरुवारी बंद, आणि हे दर गुरुवारी जातात! बायकांची छोटी घड्याळं घेणंही त्यांनी सोडलं होतं. आली की "ह्याचं सामान येत नाही आता" म्हणून परत. म्हणजे बायकांची तोंडं बघायची नाहीत असा कुणी शब्द घेतला होता की काय? मी मनातल्या मनात तिला नावही देऊन टाकलं होतं. शकुंतला. उंच, गोरी, कानडी बोलणारी, अंबाड्यात मोगरा.

आता हे नाहीत, त्या जीपमधले भाईसाहेब कुडतरकरही नाहीत, म्हणून सांगते. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे मी तीस वर्षं भिजवून ठेवलंय.

भाईसाहेबांचा काजूचा कारखाना होता. माणूस असा संशयी, की दुकानातली खुर्चीसुद्धा आधी हलवून बघायचा, मग बसायचा. चहात साखर किती ते विचारायचा आणि सांगितल्यावर पुन्हा चाखून बघायचा. पण घड्याळांचा शौक मोठा, आणि तोही निळ्या डायलच्याच. काळं नको, पांढरं नको, सोनेरी तर दृष्टीसमोर नको. अकरा घड्याळं होती त्यांच्याकडे, अकराही निळी.

त्याचं कारण त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर होतं. तिथे एक पांढुरकं वळं उमटलेलं होतं, अंगठीचं. तरुणपणी आईनं शनीसाठी नीलम घालायला सांगितला. तुम्हाला ठाऊकच असेल, नीलम तसा कुणी बोटात घालत नाही, आधी तीन रात्री उशाखाली ठेवतात, सोसतो का बघतात. भाईसाहेबांनी घाई केली, सरळ बोटात घातला. आठ दिवसांत कारखान्याची भट्टी फुटली, घोडी मेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. अंगठी गेली, पण निळ्याची भूल गेली नाही. "नीलम बाधला वहिनी," ते एकदा मला म्हणाले होते, "पण डोळ्यांना निळं हवंच असतं हो. घड्याळातलं निळं कुणाला बाधत नाही. आणि मजा बघा, पांढरं डायल दिवसभर एकच. निळं सकाळी तळ्यासारखं, दुपारी समुद्रासारखं, सावलीत धरलं की शाईसारखं. एक घड्याळ घेतलं की चार घेतल्यासारखं."

त्या दिवशी भाईसाहेबांबरोबर आणखी एक गृहस्थ उतरले. मुंबईचे टिपणीस. जुन्या घड्याळांचे दलाल. पांढरीशुभ्र पँट, हातात चामड्याची पेटी, आणि बोलणं असं गोड, की मला वाटलं ह्याच्या जिभेवर मुंग्या कशा बसत नाहीत.

हे ओले केस पुसत आले, कोट चढवला, खिशावरून हात फिरवला. मी ते बघितलं. बाटली जागेवर आहे का, ते चाचपलं त्यांनी!

"विश्रामभाऊ," भाईसाहेब खुर्ची हलवून बसत म्हणाले, "आज तुमच्या एका शब्दासाठी आलोय. हे टिपणीस एक घड्याळ घेऊन आलेत. बदल्यात त्यांना पैसे नकोत."

"मग काय हवंय?" ह्यांनी विचारलं.

भाईसाहेबांनी सदऱ्याच्या खिशातून रुपेरी साखळी ओढली. साखळीच्या टोकाला त्यांच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ. पांढरं डायल, त्यावर केसासारख्या चार चिरा. दर दसऱ्याला ते आमच्याकडे साफ करायला यायचं. ह्यांचं त्या घड्याळावर पोटच्या पोरासारखं प्रेम. साफ करून झालं तरी दोन दिवस जास्त ठेवून घ्यायचे, नुसतं ऐकायला.

"हे?" हे म्हणाले. "भाईसाहेब, वडील शेवटच्या आजारात हे छातीवर ठेवून झोपायचे म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. खोट्या मालासाठी वडिलांचं घड्याळ देणार नाही मी. तुम्ही अस्सल म्हणालात तर आत्ता, इथे, ह्या टेबलावर अदलाबदल. नाही म्हणालात तर टिपणीस आले तसे परत."

"मला मान्य आहे," टिपणीस म्हणाले. "मास्तरांचं नाव मुंबईपर्यंत आहे. फक्त आज व्हायला हवं. चारची गाडी आहे माझी."

त्यांनी पेटी उघडली. मखमलीत एक स्विस घड्याळ. त्यांनी ते दाराकडे, तळ्याच्या उजेडाकडे धरलं.

आणि माझ्या हातातली केरसुणी खाली पडली.

काय निळं होतं ते! मधोमध उजेड, आणि तिथून बारीक बारीक किरणं कडेपर्यंत पसरलेली. थोडं कललं की किरणं फिरायची, जणू आत कुणी समई घेऊन चाललंय. भाईसाहेबांचा श्वास ऐकू आला मला. "आहाहा," ते म्हणाले. "असं निळं मी जन्मात बघितलं नाही."

मी बघितलं होतं. ते निळं माझं होतं.

मी चितारआळीतली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गंजिफा रंगवायचे. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रुपयाएवढे, त्यावर दहा अवतार, आणि वरून लाखेचं रोगण. सहाव्या वर्षी माझ्या हातात खारीच्या शेपटीचा कुंचला आला. आता गोल, एवढंसं, आणि रोगण लावलेलं, असं घड्याळाचं डायलच नाही का? पण ह्यांचा दंडक होता: ह्या दुकानात डायल रंगवायचं नाही. यंत्र दुरुस्त करा, काच बदला, पट्टा बदला. "तोंड बदललं की ते घड्याळ खोटं झालं. तसं एक जरी इथून बाहेर गेलं तर मी दुकानाला कुलूप लावीन," हे म्हणायचे. आणि म्हणाले म्हणजे लावलंच असतं.

पण आठ वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याचा एक तांडेल आला. होडी उलटली तेव्हा त्याच्या घड्याळात खारं पाणी शिरलं होतं, डायल कुष्ठ झाल्यासारखं चट्ट्याचट्ट्यांचं. ह्यांनी यंत्र चालू केलं, पण तांडेल डायलकडे बघून बाईमाणसासारखा रडला. हे जेवायला आत गेले तेव्हा मी त्याला हळूच म्हटलं, "आठ दिवसांनी मागच्या दारानं ये." डायलवर चांदीचा वर्ख बसवला, ब्रशनं मधून कडेला घासून किरणं काढली, आणि त्यावर निळीचं रोगण, चौदा हात, प्रत्येक हात आधीपेक्षा पातळ. वर्ख खालून चमकतो म्हणून ते निळं जिवंत वाटतं. आणि सहाच्या आकड्याखाली, अगदी कडेला, एक मासा काढला. तिळाएवढा, रुपेरी. दहा अवतारांतला पहिला, मत्स्य. आमच्या घरातला प्रत्येक हात आपली काही तरी खूण सोडतो. माझी खूण मासा.

आता ते घड्याळ माझ्या नवऱ्यासमोर होतं. आणि ह्यांच्या नजरेतून मुंगीच्या मिशासुद्धा सुटत नाहीत असं सगळा सिंधुदुर्ग म्हणायचा.

मी म्हटलं, संपलं सुगंधे. आता हे भिंग लावतील, मासा बघतील, आणि दुकानाला कुलूप.

ह्यांनी काळी नळी डोळ्याला लावली. घड्याळ जवळ घेतलं. लांब धरलं. कानाला लावलं. पुन्हा जवळ घेतलं. दुकानात फक्त भिंतीवरची घड्याळं बोलत होती, प्रत्येक आपापल्या वेळेनं.

"अस्सल आहे," हे म्हणाले.

मी केरसुणी उचलून घट्ट धरली. रागानं! आठ वर्षं मी ह्या माणसाला घाबरून जगले, आणि हा खुशाल खोटं बोलतोय? ह्या माणसानं उभ्या जन्मात एक थाप मारली नव्हती. आमच्या लग्नात बाबांनी विचारलं, "मुलगी पसंत?" तर म्हणाले, "नाक थोडं मोठं आहे, पण पसंत." असा माणूस! आणि मग माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. बेळगाव. गुरुवार. रिकामे हात. शकुंतला बिकुंतला कोणी नव्हतीच. हा गोडबोल्या टिपणीसच होता! दोघं दर गुरुवारी भेटून हा डाव रचत होते. बाटलीत काय होतं ते अजून जुळत नव्हतं, पण तेही जुळलं असतं.

भाईसाहेबांचा हात साखळीकडे गेला.

"थांबा," मी म्हटलं. "ते डायल खोटं आहे. मीच रंगवलंय."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. टिपणीसांच्या कपाळावर घाम फुटला, ते मी नीट पाहिलं.

"आठ वर्षांपूर्वी," मी म्हणाले, "ह्या मागच्या खोलीत. खाली चांदीचा वर्ख आहे आणि सहाच्या आकड्याखाली मासा आहे. तिळाएवढा. माझी खूण."

 आणि मग भाईसाहेब असे हसले, असे हसले, की खुर्ची खरोखरच हलली.

"वहिनी! अहो, मागच्या दसऱ्याला तुम्ही मला सांगितलंत की ह्या तळ्यातल्या मगरीनं घड्याळ गिळलंय, आणि तिची टिकटिक ऐकून बेडूक पळतात म्हणून. मी दोन संध्याकाळी काठावर कान लावून बसलो. मगर झाली, आता मासा?"

 मगर माझीच होती. दिवाणांच्या घड्याळात सापडलेलं प्रेमपत्र माझंच होतं. एका भटजींचं घड्याळ फक्त शुभ मुहूर्तावरच चालायचं, तेही मीच चालवलं होतं. तीस वर्षं गिऱ्हाइकांचं मन रमवलं मी थापा मारून, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले तर हा निकाल!

"तरी एकदा बघाच विश्रामभाऊ," भाईसाहेबांचे डोळे लगेच बारीक झाले. "बघायला काय जातंय? मासा."

ह्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून आठवतं. कुणी पाठीमागून हाक मारावी तसा. त्यांनी पुन्हा नळी लावली. ह्या वेळी फार वेळ बघितलं. 

"मासा नाही," हे म्हणाले.

मी रागानं पदर आवळला. आणि मुठीत काही तरी टोचलं. कडक, गोल.

काच.

अहो, भिंगाची काच माझ्या पदरात होती! सकाळपासून! हे रिकाम्या नळीतून बघत होते. नुसत्या पोकळ नळीतून. दोनदा. आणि त्यांना ते कळलं नव्हतं. ज्या माणसाला काचेवर बोटाचा ठसा पडला तरी खपत नसे, त्याला काचच नाही हे कळलं नव्हतं.

बायकांची छोटी घड्याळं. कानाला लावून ऐकणं. दर गुरुवार. बिनवासाची एवढीशी बाटली. सगळं पुन्हा सुटलं आणि पुन्हा जुळलं, पण ह्या वेळी त्यात ना शकुंतला होती, ना टिपणीस.

आणि नेमके तेव्हाच भाईसाहेब म्हणाले, "द्या इकडे ते भिंग. मी स्वतःच बघतो. माझा माझ्यावर पण विश्वास नाही, पण तरी."

त्यांनी हात पुढे केला. नळी हातात आली असती तर कळलंच असतं की तिला काच नाही. काच नाही म्हणजे विश्राम घड्याळजीनं न बघताच अस्सल म्हटलं. दुपारपर्यंत बाजारात, उद्यापर्यंत बांद्यात, परवा गोव्यात. दुकान गेलं असतं ते ठीक, पण हे आतून खचले असते.

मी दोन पावलांत पुढे झाले आणि ह्यांच्या हातातून नळी घेतली.

"भाईसाहेब," मी हळू आवाजात म्हटलं, "बघू नका."

"का?"

"मी खोटं बोलले. मासाबिसा काही नाही." मी नळी पदरात गुंडाळली, पुसल्यासारखी. "मला तुम्हाला खरं सांगायचं नव्हतं. म्हणून मासा सांगितला."

भाईसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. सरळ सांगितलेलं ज्याला पचत नाही, त्याला लपवलेलं फार गोड लागतं. "खरं काय ते सांगा वहिनी."

"नको. तुम्ही म्हणाल थाप."

"सांगा म्हणतो ना!"

"ह्या घड्याळाचा पहिला मालक," मी म्हणाले, आणि देवाशपथ सांगते, पुढचं वाक्य काय येणार ते मलाही माहीत नव्हतं, "वेंगुर्ल्याचा तांडेल. त्याची होडी उलटली. कोरड्या वाऱ्यात, भर उन्हात, समुद्र ताटात ओतलेल्या दुधासारखा स्थिर असताना. घड्याळ तेवढं वाचलं. दुसरा मालक कुडाळचा. घड्याळ घातलं त्या दिवशी त्याच्या विहिरीचं पाणी आटलं. पावसाळ्यात! त्यानं घड्याळ काढलं आणि विहीर भरली. तिसऱ्याचं तर लग्न ठरलं होतं..."

"काय झालं?" भाईसाहेबांचा डावा हात उजव्या हाताच्या मधल्या बोटावर गेला होता, त्या पांढऱ्या वळ्यावर.

"मोडलं. त्याच्याकडे एक घोडीही होती म्हणतात."

"पुरे," भाईसाहेब म्हणाले.

"काही घड्याळांचं निळं नुसतं निळं असतं," मी म्हणाले. "काहींचं शनीचं असतं. तुम्हाला ठाऊक आहे ते. भिंगातून टक लावून बघितलं की ते धरतं. म्हणून म्हटलं बघू नका. तुमच्या भाग्यात असेल तर सोसेलही. तीन रात्री उशाखाली ठेवा, नीलम ठेवतात तसं. सोसलं तर सोमवारी अदलाबदल करा. टिपणीसांना काय, घड्याळ अस्सलच आहे तर तीन दिवस थांबायला त्यांची काय हरकत?"

टिपणीस उठलेच. "छे छे! हे कसलं अडाणीपण! माझी चारची गाडी आहे. आज नाही तर कधीच नाही. बेळगावला एक गिऱ्हाईक तयार आहे, सांगून ठेवतो!"

ही घाई! ती मी केली नव्हती, तो माणूस स्वतःहून करत होता. भाईसाहेबांचे डोळे पुन्हा बारीक झाले. त्यांनी टिपणीसांच्या कपाळावरचा घाम बघितला, चामड्याच्या पेटीकडे बघितलं, मग त्या निळ्याकडे शेवटचं बघितलं. कसं बघितलं म्हणू? सासरी चाललेल्या लेकीकडे बघतात तसं. मग साखळी उचलून वडिलांचं घड्याळ खिशात टाकलं आणि वरून बटण लावलं.

"टिपणीस," ते म्हणाले, "ज्याला तीन रात्री थांबता येत नाही, त्याच्याकडून मी चण्याची पुडीही घेत नाही. चला, स्टँडवर सोडतो."

जाताना दारात वळून ते ह्यांना म्हणाले, "विश्रामभाऊ, तुमच्या शब्दाबद्दल मला शंका नाही हां. अस्सल म्हणालात, अस्सलच असणार. पण वहिनींचंही ऐकावं लागतं कधी कधी."

जीप गेली. हे टेबलापाशी बसून राहिले. मी केर काढला. काढलेला केर पुन्हा काढला. स्वयंपाक केला, जेवण झालं, भांडी झाली. 

दिवेलागणीला हे दुकानाच्या पायरीवर बसले होते, तळ्याकडे तोंड करून. मी चहा नेला. त्यांनी कप धरायला हात पुढे केला तो कपापासून चार बोटं लांब. मी कप त्यांच्या बोटांखाली सरकवला. इतकी वर्षं मी त्यांच्या हातात असाच देत होते का? की गेले चार महिनेच? मला आठवेना.

"सुगंधे."

"काय?"

"मासा होता का गं खरंच?"

"छे हो. माझी आपली थाप. टिपणीसाला पळवून लावायला."

"हं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मला वाटलंच. तू आणि तुझे मासे." आणखी एक घोट घेतला. "तोंड कुठल्या बाजूला होतं त्याचं?"

"डावीकडे," मी म्हणाले.

आणि जीभ चावली.

हे हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मी चार महिन्यांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "थापेतल्या माशाला तोंडबिंड असतं होय गं?"

मग मी पदराची गाठ सोडली आणि काच त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी अंगठ्यानं कड चाचपली. एकदा पूर्ण गोल फिरवली. हसणं थांबलं.

"ही कधीपासून तुझ्याकडे?"

"सकाळपासून."

"म्हणजे मी..."

"नळीतून."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

तळ्याच्या पलीकडे कोणी तरी म्हशींना हाका मारत होतं. हे तिकडे बघत राहिले, किंवा तिकडे तोंड करून राहिले म्हणा.

"बेळगावला डोळ्यांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले. "म्हणतो उशीर केलात. आहे तेवढं राहिलं तर नशीब."

"मला का नाही सांगितलंत?"

"घड्याळजीला दिसत नाही म्हटल्यावर गावातलं एक तरी घड्याळ ही पायरी चढलं असतं का? आणि तुला सांगायचं म्हणजे..."

"मी गावभर केलं असतं, असंच ना?"

"मगरीसकट."

"आणि मी मेली तुमच्यावर संशय घेत बसले! त्या शकुंतलेचा!"

"कोण शकुंतला?"

"कोणी नाही. चहा प्या."

त्यांनी चहा संपवला. काच खिशात टाकली, मग पुन्हा बाहेर काढून माझ्या हातात दिली. "ही आता तुझ्याकडेच ठेव. यंत्र मी ऐकून सांगीन, बघायचं तू." पुढची सतरा वर्षं आमचं दुकान असंच चाललं, आणि कुणाला काही कळलं नाही. पण ते नंतरचं.

"मी म्हटलं होतं," हे म्हणाले, "ह्या दुकानात डायल रंगवायचं नाही."

"हो."

"एकही बाहेर गेलं तर कुलूप लावीन म्हटलं होतं."

"हो." मी मान खाली घातली. दिसत नव्हती तरी.

"चांगलं झालं होतं का?"

"तुम्ही अस्सल म्हणालात की."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, ती एवढीशी बाटली माझ्यापुढे धरली.

"दोन दोन थेंब. मला घालताना हात हलतो. निम्मे वाया जातात."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर मागे टेकलं आणि डोळे उघडे ठेवले. गंजिफ्यावर मासा काढताना ज्या हाताचा केसभरही तोल गेला नव्हता, तो माझा हात बाटली धरून वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरत होता. पहिला थेंब सरळ त्यांच्या गालावर पडला.

"नाक थोडं मोठं आहे," हे म्हणाले, "आणि नेमही धड नाही."